बकुळीची शेपटी आणि शांततेचं नाटक

एका जंगलात एक शाळा होती. हसू नका रे, जंगलात पण शाळा असते. गप्प बसा आणि ऐका.

त्या शाळेत बकुळी नावाची खार होती आणि धोंडू नावाचं रानडुक्कर. धोंडू रोज मधल्या सुट्टीत बकुळीची शेपटी ओढायचा. आता खारीची शेपटी म्हणजे काही शोभेची वस्तू नव्हे. ती गेली तर उडी मारताना तोल जातो आणि खार झाडावरून धाडकन खाली येते. बकुळी दोनदा पडली होती.

ती रडत बगळे गुरुजींकडे गेली. गुरुजी धोंडूला रागावणार होते, पण धोंडूचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष. गुरुजींनी एक पाय वर घेतला आणि विचार केला.

"आपण सहभागी नाटक करू!" ते म्हणाले. नुकतंच तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते बिचारे. "छळ दाखवायचा. बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा!' म्हणायचं आणि छळ सोसणाऱ्याच्या जागी उभं राहून नवा मार्ग शोधायचा."

छळणाऱ्याचं काम धोंडूला मिळालं. अभिनय उपजतच होता. सोसणारी अर्थातच बकुळी.

तालमी सुरू झाल्या. आधी शेपटी दिवसातून एकदा ओढली जायची, आता वेळापत्रकाप्रमाणे तीनदा.

"थांबा!" बकुळी ओरडली.

"अगं, तू पात्र आहेस," गुरुजी म्हणाले. "थांबा प्रेक्षकांनी म्हणायचं."

आणि प्रेक्षक? ससे होते, हरणं होती. ओरडेल त्याने बकुळीच्या जागी जायचं, हे सगळ्यांना पक्कं पाठ होतं. सगळे अगदी शांत बसायचे.

"बघा, शांतता नांदू लागली," गुरुजी म्हणाले.

मग प्रयोगाचा दिवस आला. तपासणीला कोल्हेसाहेब आले आणि पहिल्या रांगेत ऐसपैस बसले. बकुळीने आपल्या शेपटीकडे पाहिलं. चार केस उरले होते. आणखी एक प्रयोग झाला तर संपलंच! ती गुपचूप रंगमंचावरून उतरली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

धोंडू ऐटीत आला. बघतो तर शेपटी गायब! त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोरच एक झुपकेदार शेपटी होती. पाठांतर पक्कं होतं पोराचं. धरली आणि ओढली.

"थांबा! अरे थांबा!" साहेब केकाटले.

"वा! पहिला सहभाग!" गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "या साहेब, आता नियमाप्रमाणे वर या."

साहेब वर गेले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे नवा मार्ग शोधला. धोंडूचं नाव पटावरून काढलं, वडिलांचं अध्यक्षपद काढलं आणि गुरुजींना लांबच्या तळ्यावर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बकुळी झाडावर चढली. चार केसांच्या शेपटीने जपून का होईना, उडी मारली. पडली नाही हं.

तात्पर्य: बाळांनो, छळ थांबवायचा असेल तर दुबळ्यांना धीट करण्यात वेळ घालवू नये. छळणाऱ्याला साहेबांच्या शेपटीपर्यंत पोचू द्यावं.