गोळीचा दोष, कलम चार

हरणाच्या शिकारीत हरणाचे स्थान गौण आहे. ही गोष्ट हरणांना अजून कळलेली नाही, म्हणून ती बिचारी उगाच पळत असतात. शिकारीत मुख्य गोष्ट म्हणजे गोळी. तिच्या खालोखाल गोळीबद्दलचे बोलणे. त्यानंतर थर्मासमधली कॉफी, आणि मग जागा उरलीच तर हरीण.

आमच्या मिशिगनच्या वरच्या टोकाला (नकाशे छापणारे जे अधूनमधून शेजारच्या राज्याला देऊन टाकतात) पंधरा नोव्हेंबरला शिकार उघडते. त्या दिवशी शाळा बंद असतात, दातांचा दवाखाना बंद असतो, आणि त्या तारखेला लग्न ठरवणाऱ्याच्या घराण्याची चौकशी होते. सगळा गाव भडक नारिंगी कोट घालून जंगलात लपायला जातो.

रेनो कांगसचा कॅम्प म्हणजे नदीकाठची एक लाकडी खोली, एक चूल आणि मागे सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची कोठडी. सदस्य तीन: लाकूडगिरणीतून निवृत्त झालेला स्वतः रेनो, त्याच्या बहिणीचा नवरा ड्वेन आणि प्रस्तुत लेखक. कॅम्पची घटना दारामागे टांगलेली आहे. तिचे कलम तीन असे: ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट मासे साफ करायच्या सुरीने कापून, नाव व साल घालून भिंतीवर ठोकावे. कलम चार: चूक नेमाची नसून गोळीची होती असे सिद्ध झाल्यास शर्ट वाचेल.

भिंतीवर तेव्हा एकोणतीस शेपटे होती. त्यांतली एकोणीस रेनोची. (सहा ड्वेनची, चार प्रस्तुत लेखकाची. चारही वेळा वारा होता.) एकोणिसांपैकी एक शर्टाचे नसून लोकरी अंतर्वस्त्राचे आहे, कारण त्या वर्षी रेनोने हुशारी करून शर्टच घातला नव्हता.

कलम चारचा आधार मात्र त्याने एकदाही सोडला नाही. त्याच्या एकोणीस अर्जांचा गोषवारा असा: गोळी फांदीला लागली, सहा. वाऱ्याने वाहवली, चार. गोळी फार मऊ होती, तीन. फार कठीण होती, तीन (हे तीन अर्ज आधीच्या तिन्हींच्या पुढच्याच वर्षीचे). थंडीने आखडली, एक. हरीण अपेक्षेपेक्षा लहान निघाले, एक. एक प्रकरण अद्याप चौकशीत आहे. सगळे अर्ज फेटाळले गेले; पण दर वर्षी नवी गोळी आणून रेनो या विषयातला एवढा मोठा जाणकार झाला की लांबलांबचे लोक त्याचा सल्ला घ्यायला येत. त्याच्याकडून नेम कसा धरावा हे मात्र कुणी विचारत नसे.

यंदा उन्हाळ्यात रेनोच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. त्याची बंदूक तीनशे नंबरची मॅग्नम, म्हणजे अस्वल थांबवेल आणि वेळ पडली तर ट्रॅक्टरही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती तोफ परत खांद्याला लावलीत, तर पुढच्या वेळी शर्टात हात घालायला शेजारी बोलवावा लागेल."

रेनोपुढे एकच मार्ग उरला, आणि तो मुलीच्या घरून जात होता. मार्लिसची लहानपणची रायफल दोनशे त्रेचाळीस नंबरची. नळीचे भोक बारीक, धक्का नाजूक. आमच्याकडे ही बंदूक बायका, मुले आणि कवळी लावणारे यांच्यासाठी राखीव मानली जाते. बाकीचे पुरुष मोठी बंदूक वापरतात. चुकतात तेही, पण आवाज मोठा होतो.

मार्लिसने चौदाव्या वर्षी याच बंदुकीने आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला होता, पहिल्याच सकाळी, एका गोळीत. त्या संध्याकाळी जेवताना रेनोने मनापासून अभिनंदन केले. गोळीचे. इतकी हलकी गोळी नशिबाने कशी नेमकी उघडली, यावर तो ताटातली पेस्टी, म्हणजे आमच्याकडची मांस-बटाट्याची मोठी करंजी, थंड होईपर्यंत बोलत होता. मार्लिस ताटाकडे बघत होती. पुढच्या वर्षी ती कॅम्पवर आली नाही. व्हॉलीबॉल सुरू झाला असे सांगण्यात आले, आणि गोळ्यांचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाला ते खरे वाटले.

आता ती रस्त्यावरचे बर्फ हटवणारा मोठा ट्रक चालवते. सप्टेंबरात रेनोने तिच्या दारात उभे राहून खोकत खोकत मागणी केली.

"बायकांची बंदूक ना रे ती, बाबा?" मार्लिस म्हणाली.

"असं मी कधी म्हटलं?"

"दर थँक्सगिव्हिंगला." तिने कपाटातून बंदूक काढून दिली, आणि एक फाटका डबाही. "ह्यात उरल्यात थोड्या. तेव्हाच्याच आहेत."

"ह्या कशाला? किराणा दुकानातल्या गोळ्या!" रेनोने डबा घेतला आणि कोटाच्या खिशात टाकून विसरून गेला.

लहान बंदुकीची लाज झाकायला मोठी निवडप्रक्रिया लागते, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. रेनोने अंगणात ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि पाण्याने भरलेले दुधाचे डबे मांडून उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या. (अंतर अंगणाएवढेच. तेवढ्यावरून चुकायला वेगळे कौशल्य लागते.) निकाल असा लागला:

अर्जदार क्रमांक एक: पंचावन्न ग्रेन (हे गोळी तोलायचे माप), हलकी, चपळ. घुशी मारायला उत्तम, पण हरणाच्या कातडीवरच फुटून मोकळी होण्याचा स्वभाव. नापास.

क्रमांक दोन: शंभर ग्रेन, मऊ शिशाच्या नाकाची. जुनी, भरवशाची, दूध आणि कुलपे मिळतात त्या दुकानातही मिळणारी. जी सहज मिळते तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा? नापास.

क्रमांक तीन: प्लॅस्टिकच्या टोकाची, दिसायला देखणी. एवढी देखणी की रेनोला तिचा संशय आला.

क्रमांक चार: अख्ख्या तांब्याची, पंच्याऐंशी ग्रेन. आत शिरली की चार पाकळ्या उघडतात आणि एकही गळत नाही. लहान नळीला हवी तश्शी. डब्यावर डोंगरी बोकडाचे चित्र. (आमच्याकडे डोंगरी बोकड नाहीत, त्यामुळे त्यांची तक्रारही आलेली नाही.)

पाकळ्या उघडलेल्या गोळ्या रेनोने वजन करून ओळीने मांडून ठेवल्या. बायको इलेन स्वयंपाकघरात आली आणि थबकली.

"माझ्या मफिनच्या साच्यात शिसं ठेवलंस?"

"शिसं नाही, तांबं आहे."

"मग हरकत नाही. वरून साखर पेरते."

तांब्याची गोळी सर्वोत्तम आहे की नाही याबद्दल शंकेला जागा राहू नये म्हणून चाचण्या चालूच राहिल्या. शेवटी ते निर्विवाद सिद्ध झाले, आणि ज्या काडतुसाने सिद्ध झाले ते शेवटचे होते. रेनो दुकानात धावला. परगण्यातल्या इतर जाणकारांनीही तेच सिद्ध केले होते. दुकानदार म्हणाला, "जानेवारीत या." शिकार तर नोव्हेंबरातच संपते.

अशा रीतीने पंधरा तारखेला पहाटे रेनो आपल्या लपणात बसला तेव्हा त्याच्या बंदुकीत ऐन वेळी कोटाच्या खिशात सापडलेल्या फाटक्या डब्यातली काडतुसे होती. नापास झालेला क्रमांक दोन, तोही इतक्या वर्षांचा शिळा. रेनोने मनात कलम चारखालचा विसावा अर्ज तयार ठेवला. मुद्दे भक्कम होते. कॅम्पवर ड्वेन सुरीला धार लावत बसला होता.

देवदारांतून एक नर आला, थांबला, आडवा उभा राहिला. रेनोने चाप ओढला. बंदुकीने खांद्याला नुसते शिवल्यासारखे केले. आणि हरीण उसळलेले, वळलेले, चार ढांगांत बर्फात पडलेले रेनोला दिसले.

दिसले. घोटाळा इथेच होता. आपल्या गोळीने हरणाचे काय होते हे रेनोने आजवर कधी पाहिलेच नव्हते. तोफ उडायच्या आधीच तो दणक्याच्या धास्तीने डोळे घट्ट मिटून घ्यायचा, आणि उघडायचा तेव्हा जंगल रिकामे असायचे. (मधूनमधून जी हरणे मिळाली, ती बहुधा त्यांच्या चुकीने.) एकोणीस गोळ्यांची त्याने एकेक करून माफी मागितली. त्या सगळ्या निर्दोष होत्या, आणि विसावीही होती, चौदा वर्षांच्या पोरीने झाडलेली. तिच्या बाबतीत मात्र गोळीची माफी मागून भागणार नव्हते, पोरीची मागायला हवी होती.

दुपारी मार्लिस ट्रक घेऊन आली, हरीण गावच्या चौकात, सगळ्यांची शिकार मिरवतात त्या आडव्या खांबाला टांगायला न्यायचे म्हणून. ड्वेनने विचारले, "कुठली गोळी?"

रेनोने एकदा मुलीकडे पाहिले. "गोळीचं काही नाही रे. मी आजवर डोळे मिटून घोडा ओढत होतो. ह्या खेपेला उघडे राहिले."

चुलीवरची कॉफी उतू गेली तरी कुणी उठले नाही. मग ड्वेन म्हणाला, "डोळे मिटत होते म्हणे! रेनो, तुझी बहीण केलीय मी. निदान मला तरी खरं सांग."

"खरंच सांगतोय."

"नसेल सांगायचं तर नको सांगू. लपवतोय लेकाचा," असे म्हणून ड्वेन रेनोच्या कोटाचे खिसे चाचपू लागला. फाटका डबा सापडला तेव्हा त्याचा चेहरा खजिना सापडल्यासारखा झाला, आणि तो उजेडात नेऊन डब्यावरचे बारीक अक्षर वाचू लागला.

रेनो मार्लिसपाशी गेला. "ते आठ टोकांचं हरीण," तो म्हणाला. "ते तू मारलं होतंस."

"हो," मार्लिस म्हणाली. "मी तिथेच होते."

तिने टेबलावरची सुरी उचलली. "वळ, बाबा."

"अगं, यंदा मी चुकलो नाही!"

"यंदाचं नाही. तेव्हाचं. हरीण मी मारलं आणि तू डब्याचं कौतुक केलंस. एवढ्या जवळून असा नेम कुणाचा चुकला नसेल."

"कलम चार?" रेनोने हळूच विचारून पाहिले.

"गोळीचा काही दोष नव्हता."

रेनोने पाठ वळवली. तिसावे शेपूट ठोकताना खिळा त्याने स्वतः धरला, आणि हातोडा तिच्या हातात असूनही या वेळी डोळे मिटले नाहीत. त्याला इतके बरे वाटत होते की नाक शिंकरायला त्याला उरलेला शर्ट वापरावा लागला. पुढच्या वर्षी आपण कॅम्पवर येणार असल्याचे मार्लिसने जाहीर केले. तिच्या सदस्यत्वाला विरोध करण्याच्या अवस्थेत कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच रांग लागली होती. किराण्याच्या फळीवरचे क्रमांक दोनचे सगळे डबे तासाभरात संपले. (प्रस्तुत लेखकाला दोन मिळाले.) रेनो सध्या भेटेल त्याला डोळ्यांची गोष्ट सांगतो. लोक आदराने ऐकतात, डोळा मारतात, आणि मग हळू आवाजात कंपनीचे नाव विचारतात.

अक्षर सुधारावे म्हणून ज्यांनी पेन बदलले आहे आणि चालणे व्हावे म्हणून बूट, अशा सर्व वाचकांनाही हा प्रश्न पडला असणार. ज्यांनी जन्मात बंदूक धरलेली नाही, आणि वर हरणासाठी जे हळहळले, त्यांनीही फाटक्या डब्यावर काय लिहिले होते हे पाहायला एव्हाना मागचे पान उलटले असेल. त्यांच्यासाठी भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात जागा राखून ठेवली आहे. येताना लांब शर्ट घालून यावे.