'इतर' नावाचा खाना

नामदेवरावजींचं 'इतर' या शब्दाशी वैर आहे. फोनवर बँकेची बाई "इतर सेवांसाठी नऊ दाबा" म्हणाली, की ते फोनच ठेवून देतात. लग्नपत्रिकेत "व इतर आप्तेष्ट" दिसलं, तर त्या लग्नाला जात नाहीत. "इतर म्हणजे काय गा? त्याले नाव नाही का?"

असा माणूस आमच्या नागपूरच्या ऑफिसात आला आणि काम काय मिळालं? खेड्यापाड्यांत रेकॉर्ड केलेली बायकांची गाणी ऐकायची आणि कॉम्प्युटरवर त्यांचे प्रकार लावायचे. प्रकार आधीच ठरलेले, बाहेरून आलेले: लग्न, देव, शेती, बाळ. कशातच बसलं नाही, तर 'इतर'.

एकदा धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी म्हटलेलं गाणं आलं. मी ते 'शेती'त टाकलं. नामदेवरावजींनी हेडफोन काढला. "यात धान कुठी हाये? ते बाई तर पोरीले बोलावून राहिली."

"मग 'इतर' करा," आमच्या ऑफिसप्रमुख मॅडम म्हणाल्या.

झालं! त्यांनी थेट त्या बाईंनाच फोन लावला. भंडाऱ्याकडच्या खेड्यात एकटी राहणारी म्हातारी. स्पीकर चालू, आम्ही सगळे गोळा.

"माय, हे गाणं कशाचं होय?"

"कशाचं म्हणजे? पोरीची आठवण आली का म्हणतो."

"रोवणीतच?"

"आठवण का रोवणी पाहून येते, बापू?"

मॅडम हसल्या आणि यादीत 'आठवण' हा नवा प्रकार आला. मग आम्ही बाकीच्या बायकांनाही विचारत सुटलो. जात्यावरची, पाळण्याची कितीतरी गाणी उठून 'आठवण'मध्ये जाऊन बसली. एकच गाणं एका गावात हळदीचं निघालं, दुसऱ्यात मयतीचं. नामदेवरावजी नवरदेवाच्या मामासारखे ऑफिसभर मिरवत होते.

त्यानंतर रोज दुपारी ते व्हरांड्यात फोनवर त्या म्हातारीशी बोलत बसू लागले. शेवटी मी विचारलं, "त्या आजींचं काम अजून संपलं नाही का?"

"ते तर कवाचंच झालं गा. तिची पोरगी सुरतेले गेली, येत नाही. म्हणून बोलतो." डबा मांडीवर घेत म्हणाले, "अन् मले तरी घरी कोण विचारते?"

तेवढ्यात फोन वाजला.

"हो माय, जेवलो ना. आलू-वांगे होते. हो, पोटभर."

बराच वेळ बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मग डबा उघडला. आत दोन पोळ्या होत्या आणि लोणचं.