मागे बघायचं काम कंडक्टरचं

ड्रायव्हरच्या बायकोने सहा अंडी उकडली, फडक्यात बांधली आणि नवऱ्याच्या हातात न देता कंडक्टरच्या पिशवीत ठेवली. दोघांचे फोन, पाण्याच्या बाटल्या, सायकलवाटेचा नकाशा, सगळं त्याच पिशवीत गेलं. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग सोडून दुसरं काही द्यायचं नाही, असा त्या घरातला नियम होता. एकदा त्याच्याकडे छत्री दिली होती, ती अजून सापडली नव्हती.

"भावजी, यांच्याकडे लक्ष असू द्या," ती म्हणाली.

"वहिनी, तीस वर्षं दुसरं काय केलं मी?" असं म्हणत कंडक्टर बुटाची नाडी बांधायला बाहेर गेला.

तेवढ्यात तिने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "तीन दिवस आहेत. बोलून टाका एकदाचं."

"बोलतो ना."

"काल पण हेच म्हणालात."

"काल तो दाढी करत होता."

बोलायचं होतं ते फार मोठं नव्हतं. दोघे तीस वर्षं एकाच बसवर होते, शेजारशेजारच्या घरांत राहत होते आणि चार वर्षांपूर्वी एकाच दिवशी निवृत्त झाले होते. कंडक्टरची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा मुलगा दूरच्या शहरात असे. आता येत्या रविवारी कंडक्टर कायमचा त्याच्याकडे राहायला जाणार होता. मुलाने खोली रिकामी केली होती, रंग कोणता द्यायचा तेवढं ठरायचं होतं. ड्रायव्हरला एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नकोस. घाटात ब्रेक निकामी झालेली बस त्याने एकदा सुखरूप उतरवली होती, पण हे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून उतरत नव्हते. म्हणून त्याने सायकलीची सहल काढली.

सायकल भाड्याची आणि जोडीची होती. दोन सीटा, दोन हँडलं, पायंडलांचे दोन जोड. पुढे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. दोन्ही हँडलांना घंट्या होत्या. पुढची घंटी ड्रायव्हरने पान्याने काढून दुकानदाराच्या हातात दिली.

"राहू द्या की काका," दुकानदार म्हणाला. "वाटेत कुणी आडवं आलं तर?"

"घंटी कंडक्टरकडे असते," ड्रायव्हर म्हणाला. दुकानदाराला ते कळलं नाही, पण कंडक्टरने मान डोलावली.

त्यामुळे सगळं नीट चाललं. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. पहिला पूर्ण दिवस समुद्राकाठी गेला. दीपस्तंभ, खाऱ्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडं, वाळूत रुतलेल्या होड्या, हे सगळं मागच्या सीटवरून कंडक्टर बघत होता आणि पुढच्याला सांगत होता. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर. चढ आला की मात्र तो कुरकुरे.

"अरे, पाय मार की जरा."

"मारतोय."

"मारतोयस तर जातात कुठे?"

"तुला मागचं काय कळतं? तू पुढं बघ."

खरं सांगायचं तर कंडक्टरने पायंडलांवर पाय नुसते टेकवले होते. ते आपोआप फिरत होते, म्हणजे आपण मारतोच आहोत, अशी त्याची समजूत होती. तीस वर्षं चाकांवर काढली तरी गाडी पुढे नेणं हे त्याने कधी आपलं काम मानलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट समुद्र सोडून शेतात शिरली. पायांवरून दोघांचं चांगलंच वाजलं आणि त्यानंतर बोलणं बंद झालं. ड्रायव्हरने मनात म्हटलं, आता हा बोलेपर्यंत आपण बोलायचं कसं? दिवस असाच चालला.

शेतांच्या हद्दींवर गुरांसाठी फाटकं होती. उघडणाऱ्याने ते लावायचं, अशी पाटी प्रत्येक फाटकावर होती. कंडक्टर उतरे, फाटक उघडे, ड्रायव्हर सायकल पलीकडे नेऊन एक पाय जमिनीला टेकवून उभा राही. मागे फाटक लागे, सीट हले, दोन घंट्या होत, की निघायचं. अशी सहा फाटकं पार पडली.

सातव्या फाटकाची कडी गंजलेली होती. कंडक्टर तिच्याशी झटत असताना मागून पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई सायकलवरून आली. ती दातांची डॉक्टर होती आणि सुट्टी काढून एकटीच निघाली होती. कंडक्टरने तिच्यासाठी फाटक परत उघडलं. त्याच्या अंगात जुना खाकी शर्ट होता आणि खांद्याला पिशवी. बाईला वाटलं, हा इथला फाटकवाला.

"थँक यू हं काका," ती म्हणाली आणि पुढे गेली. पुढची वाट कालव्याच्या काठाने, जेमतेम एका सायकलीपुरती. तिथे एक म्हातारा जोडसायकल आडवी धरून समोर बघत उभा. बाजू मिळावी म्हणून तिने दोनदा घंटी वाजवली.

ड्रायव्हर निघाला.

कंडक्टरने कडी लावून मान वर केली, तेव्हा सायकल वळणापाशी पोचली होती. "अरे ए!" तो ओरडला. इंजिनाशेजारी तीस वर्षं बसून ड्रायव्हरचा डावा कान गेलेला होता, आणि उजव्या कानावर वारा होता. कंडक्टरने दोन्ही हात हलवले. पिवळ्या हेल्मेटवालीने मागे वळून त्याला हसून हात केला. किती प्रेमळ फाटकवाला, असं तिला वाटलं.

कंडक्टरने ड्रायव्हरला फोन लावला. तो त्याच्याच पिशवीत वाजला. मग त्याने वहिनींना लावला.

"वहिनी, तुमचा माणूस मला टाकून गेला!"

"अगंबाई! म्हणजे काही बोलले का तुम्हाला?"

"काय बोलायचं होतं?"

"नाही, काही नाही," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

इकडे सायकल पळत होती. ड्रायव्हरला पहिल्या दोन मिनिटांतच फरक जाणवला. काल जी सायकल ओढून ओढून त्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, ती आज पिसासारखी चालली होती. त्याचा अर्थ एकच होता.

"हां! आता कसे पाय चालतायत!" तो समोर बघत म्हणाला. "कालपासून हेच सांगत होतो ना?"

मागून उत्तर आलं नाही. अजून रुसलाय, ड्रायव्हरने मनात म्हटलं. पण पाय तर मारतोय! चौतीस वर्षांच्या ओळखीत कंडक्टरने न बोलता माघार घेतली, असं कधी घडलं नव्हतं. ड्रायव्हरला भरून आलं. मागे वळून बघायचा प्रश्न नव्हता. मागे बघायचं काम कंडक्टरचं.

"बरं, ऐक," तो म्हणाला. "तोंडावर सांगायला जमत नाही मला. आत्ता तू मागे आहेस तर सांगून टाकतो. रविवारी जाऊ नकोस."

त्याने वाटेतला एक खड्डा चुकवला.

"पोरगा चांगला आहे, मान्य. पण दिवसभर तो कामावर. तू त्या खोलीत बसून करणार काय? इथं निदान माझ्यावर ओरडता तरी येतं. आणि जेवणाचं म्हणशील, तर ही रोज तुझ्या वाटणीचं रांधतेच. तू नाही आलास की मलाच खावं लागतं."

तीन हातांवर मागे पिवळं हेल्मेट येत होतं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कोबीचं शेत, पुढे काढायला जागा नाही. तिला वाटलं, आजोबा फोनवर बोलतायत, आणि ते इतके गहिवरलेले, की परत घंटी वाजवायचा तिला धीर होईना.

अकरा-बारा किलोमीटर गेले. ड्रायव्हर बोलत होता. मागून हो नाही, की नाही नाही. इतकं सांगूनही हा गप्प, म्हणजे आपल्याकडूनच काही राहिलंय, असं त्याला वाटू लागलं. आणि त्याला आठवलं, की राहिलंय खरं.

"हे बघ, अजून एक सांगतो. चिडू नकोस. बाराव्या वर्षी तुला तीन महिने त्या धुळीच्या रस्त्याच्या बसवर टाकलं होतं ना? ते डेपोच्या हेडक्लार्कने नाही केलं. त्याला तू अजून शिव्या देतोस. अर्ज मी दिला होता. तू सारखं एकच गाणं गुणगुणायचास, माझ्या मानेमागे, सकाळपासून. मला सहन होईना, म्हणून लिहिलं, की कंडक्टर बदलून द्या. चूक झाली. आणि पुढं ऐक—"

इथे कालव्यावर पूल आला आणि वाट रुंद झाली. पिवळं हेल्मेट त्याच्या शेजारी आलं.

"काका, रागावू नका हं," दातांची डॉक्टर म्हणाली. "पण इतकं मनातलं बोलताय, तर फोनवर कशाला? समोर बसून बोला त्यांच्याशी."

"फोन कुठला? तो मागेच बसलाय."

"मागे कुठे?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा ड्रायव्हरने मागे बघितलं.

सीट होती. तिच्यावर एक टोळ बसला होता.

"पडला की काय!" ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "खाकी शर्ट, खांद्याला पिशवी—"

"अय्या!" बाईने तोंडावर हात ठेवला. "ते तुमचे होते? मी त्यांना फाटकवाले समजले!"

ड्रायव्हरने सायकल वळवली. बाई म्हणाली, मी पुढे, वाट जंगलात शिरते तिथल्या नाक्यावर सांगून ठेवते, आणि गेली. तो बारा किलोमीटर मागे निघाला. वाटभर त्याने उरलेलं घोकलं. अर्ज दिला हे खरं, पण नवा कंडक्टर आला तो तोंडातून शब्द काढत नसे. आठवड्यात ड्रायव्हरला ती शांतता खायला उठली. तीन महिने रोज डेपोच्या पायऱ्या झिजवून त्यानेच दुसरा अर्ज मंजूर करून घेतला होता, की माझा जुना कंडक्टर मला परत द्या. हे आधी सांगायला हवं होतं. आता भेटला की पहिल्यांदा हेच सांगायचं. घोकण्यात तो इतका गुंतला होता, की कालव्याच्या पलीकडच्या काठाने कोबीचा ट्रॅक्टर गेला आणि कोबीच्या ढिगावर बसलेला एक माणूस दोन्ही हात हलवून बोंबलत होता, हे त्याने पाहिलं नाही. त्याची नजर रस्त्यावर होती.

सातव्या फाटकाशी एक शेतकरीण गुरांना पाणी पाजत होती.

"खाकी शर्टवाले होय? ते गेले आमच्या ट्रॅक्टरवर बसून. आता जंगलाच्या नाक्याशी उतरले असतील."

"काही निरोप?"

"म्हणाले, कुणी विचारत आलं तर सांगा, पुढं गेलो म्हणून. आणखी पण एक शब्द म्हणाले, पण तो बायामाणसांनी उच्चारायचा नाही."

ड्रायव्हर पाणी मागून प्यायला आणि त्याने सायकल परत वळवली. जंगलाचा नाका पाचला बंद होत असे. तो पावणेपाचला पोचला, तेव्हा त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. सकाळची पिसासारखी सायकल आता लोखंडाची झाली होती. नाक्याच्या खोलीबाहेर बाकावर कंडक्टर बसला होता. शेजारी अंड्यांची टरफलं, मोजली तर चार अंड्यांची. मागे उंच झाडं सुरू होत होती आणि वनरक्षक दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"आलास?" कंडक्टर म्हणाला.

"अरे, घंटी झाली दोनदा! मी—"

"माहीत आहे. ती दातवाली बाई भेटली."

ड्रायव्हर बाकाच्या टोकाला टेकला. "काय म्हणाली?"

"सगळं. चांगली बाई आहे, एक शब्द गाळला नाही. माझ्या जेवणाचं, तुझ्या बायकोच्या रांधण्याचं. इथं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, राहा हो त्यांच्यासाठी."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, बाई, मुलाने खोली रिकामी केलीय. दोन गोड शब्दांवर का कुणी असं राहतं?" कंडक्टरने हाताने टरफलं एका बाजूला सारली. "मग तिने अर्जाचं सांगितलं."

ड्रायव्हर जमिनीकडे बघू लागला.

"अर्ज तू दिलास. तू! बावीस वर्षं मी त्या हेडक्लार्कशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. त्याच्या निरोप समारंभात मी पाठ करून बसलो होतो. तो बिचारा मला विचारायचा, काय झालं, काय झालं. आणि तू माझ्या शेजारी बसून लाडू— जे काय होतं ते खात होतास!"

"त्याचं असं झालं, की नंतर मी—"

"गप्प बस. माझं झालेलं नाही." कंडक्टर उभा राहिला. "आधी रविवारी हेडक्लार्ककडे जायचं. मी पाया पडणार आणि तू बाजूला उभा राहून कबूल करणार. त्यानंतर तुझ्याशी भांडायचंय. सावकाश. मधल्या वर्षांचं एकेक आठवून. मुलाला फोन केला, म्हटलं, रंग देऊ नकोस इतक्यात. एवढं भांडण अर्धं टाकून मी जाऊ कसा?"

"किती दिवस लागतील?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"अजून काही लपवलं नसशील तर वर्षभर. लपवलं असशील तर आत्ताच सांग. तुझ्या बाजूने बोलण्यासारखं काही असेल तर तेही सांग. मी अन्याय करणारा माणूस नाही. ऐकून घेईन, पटलं तर सोडून देईन, आणि रविवारी निघेन."

ड्रायव्हरने तोंड उघडलं. बारा किलोमीटर घोकलेला दुसरा अर्ज जिभेच्या टोकावर होता. वनरक्षक म्हणाला, "आजोबा, लवकर काय ते करा, फाटक लावायचंय."

ड्रायव्हरने तोंड मिटलं. उरलेल्या दोन अंड्यांपैकी एक त्याने सोलायला घेतलं.

"नाही बाबा," तो म्हणाला. "माझ्या बाजूने बोलण्यासारखं काहीसुद्धा नाही."