खालाचा चष्मा

आमच्या हेल्पलाइनवर नवीन माणूस रुजू झाला की सलीमभाई आधी त्याच्या डोळ्यांवर एक जाड काचांचा बायकी चष्मा चढवतात. मग समोर इंटरनेटचा डबा धरतात आणि विचारतात, "सांगा, कोणता दिवा लागलाय?" नवीन माणूस डोळे बारीक करतो, मान लांब करतो आणि शेवटी अंदाजानं "हिरवा" म्हणतो.

"डबा बंद आहे," सलीमभाई म्हणतात. "आता कळलं, गिऱ्हाईक का चिडतं?"

सलीमभाई मूळचे सिल्लोडचे. आमची कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवते आणि फोनवर तक्रारी ऐकायला पोरं तयार करणं हे सलीमभाईंचं काम. हेच त्यांचं दुखणंही. पोरं कागद पाठ करून येतात. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढं ऐकलं की सलीमभाईंचं डोकं फिरतं. एकदा त्यांना नुसता खोकला आला, तर एकानं तीनदा क्षमा मागितली. "घाई कसली रे? पैठणची बस चुकतीय का?" हे दिवसभर चालू असतं. "आधी माणूस, मग डबा" हे त्याहून जास्त.

शेवटची परीक्षा फोनवर होते. सलीमभाई काचेच्या केबिनमध्ये जातात, डोक्यावर दस्ती, म्हणजे खिशातला मोठा रुमाल, घेतात आणि सिल्लोडची म्हातारी गिऱ्हाईक जैतूनखाला, म्हणजे जैतूनमावशी, होतात. दस्तीशिवाय आवाज लागत नाही म्हणे! खालाचं नेट कायम बंद.

माझ्या परीक्षेत मी ऐटीत विचारलं, "लाल दिवा दिसतोय का?"

"नाय दिसत, बेटा. चष्मा बेट्यानं नेलाय दुरुस्तीला."

"मग मागची वायर काढून परत लावा."

"ती पलंगामागं हाय. कमर झुकती नहीं."

"घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना द्या."

"कोई नहीं है."

"मग कुणी आलं की फोन करा," म्हणून मी फोन ठेवला. नापास! हा माणूस मुद्दाम छळतोय, असं वाटून मी त्यांना मनात लई शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी जेमतेम सुटलो.

शेंद्र्याकडची कोमल मात्र दोनदा आपटली. तिसरी संधी शेवटची होती. नोकरी हुकली तर घरचे तिच्या लग्नाची बोलणी पुढं नेणार होते. गेल्या शनिवारी दुपारी ती फोनवर बसली आणि मी बाजूला हेडफोन लावून ऐकत होतो. भीतीनं तिला पाठ केलेला कागदच आठवेना.

खालानं दिवा, चष्मा, पलंग, कंबर, सगळं ऐकवलं. कोमल नुसती कागदावर लिहीत होती. गेली ही, असं मी मनाशी म्हणतोय तेवढ्यात ती म्हणाली, "खाला, तुम्ही वाकू नका. डबा ऱ्हाऊ द्या तसाच. तुम्हाला बोलायचं कुणाशी होतं?"

केबिनमध्ये सलीमभाई एकदम थांबले. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"बेट्याशी," खाला म्हणाली. "व्हिडिओवर दिसतो तो."

"मग साधा फोन लावा की. नायतर नंबर द्या, मीच सांगते त्यांना घरी जायला."

"उसको टाइम नहीं है, बेटा. दिवसभर लोकांचे डबे चालू करत बसतो." शेवटी शेवटी तो आवाज खालाचा राहिला नव्हता.

सलीमभाई बाहेर आले. डोक्यावर दस्ती तशीच. "पास," एवढंच म्हणाले. कोमल रडायचीच बाकी होती, पण तिच्यापुढं कागदावर तक्रार लिहिलेली होती. ती घाबरत म्हणाली, "सर, मग खालाकडं माणूस कधी पाठवायचा?"

आम्ही सगळे हसलो. सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडून तो जाड चष्मा काढला, दस्तीनं पुसला.

"अम्मीचा आहे," ते मला म्हणाले. "काडी बसवून आणतो म्हणून आणला होता. काडी बसवली त्याच दिवशी. मग ट्रेनिंगला बरा पडला."

"किती दिवस झाले?"

"ईदला आणला होता." ईद होऊन कित्येक महिने झाले होते. ते कोमलकडं वळले. "तक्रार बंद करू नको, पोरी. माणूस निघालाय म्हणून लिही."

चष्मा खिशात घालून ते सिल्लोडच्या बसला गेले. सोमवारी नवीन पोरं आली, तेव्हा सलीमभाईंनी ट्रेनिंगसाठी माझा चष्मा मागितला. मी दिला, पण संध्याकाळी आठवणीनं परत घेतला.