झाकणपट्टीचा भूकंप

"माझ्या मशीनची झाकणपट्टी कुठाय?" सनोबरने तिसऱ्यांदा विचारलं आणि हमदमने तिसऱ्यांदा तोंडात नानचा मोठा तुकडा कोंबला. तोंड भरलेलं असलं की नवऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही, हा शोध त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात लावला होता.

झाकणपट्टी म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हे. काडेपेटीएवढा पोलादी पत्रा. शिलाई मशीनच्या सुईखाली कापड पुढे ढकलणारे दाते असतात, ते झाकायचे. दाते झाकले की कापड मोकळं होतं, रिंगीत ताणून हवं तसं फिरवता येतं आणि मग सुईने फुलं काढता येतात. दाते उघडे राहिले तर ते कापड धरून सरळ चालू लागतात. फुलापानांशी त्यांना सोयरसुतक नसतं. नव्या मशीनला यासाठी नुसता एक खटका असतो म्हणे. सनोबरचं मशीन तिच्या सासूच्या तरुणपणातलं. त्याला खटका नव्हता, पट्टी होती. आणि आता तीही नव्हती.

बरं, हरवायला मुहूर्त कोणता गाठावा? एकुलत्या एका पोरीचं, ओयदिनचं, लग्न परवावर आलेलं. उद्या सकाळी व्याह्यांकडच्या बायका रुखवत न्यायला येणार. रुखवतात गाद्या, उशा, दुलया सगळं होतं, पण खरा मान त्या सुझानीचा. नवरीच्या खोलीत भिंतभर टांगायची ही भरतकामाची चादर आईच्याच हातची लागते. सनोबर दोन वर्षं ती भरत होती आणि दोन वर्षं तिच्याबद्दल बोलत होती. बोलण्याचं काम जास्त झपाट्याने झालं होतं. "चोवीस डाळिंबफुलं, एकापासून दुसरं वेगळं ओळखून दाखवा," असं तिने लग्नांत सांगितलं, बारशांत सांगितलं, एकदा तर मयतीला गेली होती तिथेही सांगून आली.

तेवीस फुलं झाली होती. चोविसावं राहिलं होतं. आणि विहीणबाई मस्तुरा अशी, की दुसऱ्याच्या घरच्या पलावात जळालेला कांदा ती नुसत्या वासावरून शोधते आणि मग गावभर सांगते. सुझानी अपुरी गेली किंवा तीत खोट निघाली, तर ओयदिनला सासरी जन्मभर ऐकावं लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सनोबरने पट्टीवाचून एका चिंधीवर फूल काढून पाहिलं. गोल वळवायला गेली, दात्यांनी सरळ रेघ मारली. पुन्हा वळवलं, पुन्हा रेघ. मग तिने बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला.

"काकी, असलं मशीन आता संग्रहालयवालेसुद्धा घेत नाहीत," दुकानदार म्हणाला. "नवं घेऊन टाका."

"तुझ्या दुकानात पट्टी आहे का एवढंच सांग, अक्कल मी दुसरीकडून घेईन," असं म्हणून तिने फोन आपटला.

एवढ्यात ओयदिन स्वयंपाकघरात आली. "आई, बाबा सकाळी अंगणात तापचानच्या पायाखाली काहीतरी ठोकत होते. चकचकीत होतं."

सनोबरने नवऱ्याकडे पाहिलं. नेमका नान संपला होता.

"तो पत्रा मशीनचा होता?" हमदम म्हणाला. "मला वाटलं, डब्यात नुसताच पडलाय बिचारा. अगं, तापचानचा एक पाय हलत होता. इनोयत बाबा यायचे होते. चहा त्यांच्या अंगावर सांडला असता, तर कुणाची अब्रू गेली असती? मी काय माझ्यासाठी केलं?"

"घरात वीट नव्हती? फळकूट नव्हतं?"

"वीट जाड होते गं. तुझा पत्रा अगदी मापात बसला. जणू त्यासाठीच केलेला."

"तर मग आत्ताच्या आत्ता काढा."

"काढतो की," हमदम आवाज खाली आणत म्हणाला. "इनोयत बाबा उठून गेले की लगेच."

इनोयत बाबा म्हणजे नवऱ्यामुलाचे आजोबा, व्याह्यांकडचे सर्वांत थोर. वयाने आणि वजनानेही. मिरवणुकीला गाड्या किती येणार, ते सांगायला 'दोन मिनिटं टेकतो' म्हणून दुपारी बाराला आले होते. आता चार वाजत होते. गाड्या किती ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. द्राक्षांच्या मांडवाखाली, आठ माणसं मांडी घालून बसतील एवढा आमच्याकडचा तो लाकडी ओटा, म्हणजे तापचान, त्यावर मानाच्या कोपऱ्यात बाबा बसले होते, आणि मानाचा कोपरा नेमका त्याच पायावर.

आता आमच्या कोकंद गावात पाहुण्याला 'उठा' म्हणायची सोय नाही. छप्पर कोसळत असलं तरी आधी चहा विचारायचा. आणि हे तर व्याही! 'जरा सरकता का' म्हटलं तरी मानाच्या जागेवरून हलवलं असा बोभाटा व्हायचा आणि लग्न तिथेच मोडायचं.

उठवण्याचा एकच सभ्य मार्ग आमच्या वाडवडिलांनी ठेवलाय, तो म्हणजे चहा. पियाली अर्धी भरली की अर्थ असा, की बसा, पुन्हा भरायची संधी द्या. जितकी कमी तितका मान जास्त. काठोकाठ भरली, की समजून घ्यायचं, घरचे कंटाळले, प्या आणि निघा. हमदमने दुपारपासून बाबांना इतका मान दिला होता, की चार किटल्या चमच्याचमच्याने संपल्या होत्या.

सनोबरने पाचवी किटली उचलली, डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि अंगणात जाऊन बाबांची पियाली भरली. अर्धी. पाऊण. काठोकाठ. वर आणखी एक थेंब. हमदम पांढराफटक पडला. ओयदिनने दारामागे ओढणीचं टोक दातांत धरलं.

बाबांनी पियालीकडे पाहिलं.

"पोरी," ते पियाली दोन्ही हातांत धरून म्हणाले, "साठ वर्षं झाली, या गावात मला कुणी धड पियालीभर चहा दिला नाही. जावं तिथे मानच मान! घसा कोरडाच. हे खरं माणसांचं घर. भर, भर अजून!"

आणि त्यांनी उशी पाठीशी घेऊन पाय लांब केले.

"आता?" आत येऊन सनोबर म्हणाली. "उजेड असेपर्यंत फूल व्हायला हवं हो. विहीणबाई सकाळी सहाला दारात उभ्या असतील."

"जॅक लावतो," हमदम म्हणाला.

"काय लावता?"

"जॅक. तीस वर्षं बसडेपोत काय केलं मी? प्रवाशांसकट बस उचलायचो. कुणाला कळायचंही नाही."

"अहो, ते व्याही आहेत, प्रवासी नाहीत!"

"वजनाला नातं कळत नाही," असं जॅकसारखंच जड वाक्य टाकून तो मागच्या बाजूने तापचानखाली शिरला. वरच्या गाद्या जमिनीपर्यंत लोंबत होत्या, त्यामुळे खाली मेकॅनिक आहे हे वरून कळण्यासारखं नव्हतं.

गडी कामात वाकबगार होता, यात वाद नाही. फक्त एक गोष्ट तो विसरला. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून तीनदा त्यानेच अंगणात पाणी शिंपडलं होतं. वर बाबा आपल्या लष्करातल्या दिवसांची हकीगत सांगत होते, ऐकायला ओयदिनला बसवलं होतं. खाली जॅक वर चढत होता. आधी पियालीतला चहा एका बाजूला कलला. मग खरबूज आपणहून चालू लागलं. बाबा बोलायचे थांबले. आणि तेवढ्यात जॅक चिखलात रुतून सटकला आणि तापचान धाडकन खाली बसला.

"भूकंप!" इनोयत बाबा ओरडले.

वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. पण बाबा जोड्यांच्या आधी फाटकाबाहेर पोचले. "भूकंप! पळा! बाहेर या!"

भूकंप म्हटल्यावर आमच्याकडे कुणी चौकशी करत बसत नाही. आधी पळायचं, मग विचारायचं. दोन मिनिटांत अख्खा मोहल्ला रस्त्यावर. कुणी टीव्ही उचलून आणला, कुणी मेंढा, एकजण अर्धीच दाढी करून आला. मोहल्ल्याच्या प्रमुखाने तत्परतेने गॅस आणि वीज बंद करून टाकली. आणि मग ज्याला त्याला आठवू लागलं.

"माझा दिवा हलत होता!"

"दिवा कसला, माझी सासू हलली. एरवी ती जागची हलते का?"

इतक्यात फाटकातून हमदम बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "ढिगाऱ्याखालून आला! देवाने वाचवला!" म्हणत तिघांनी त्याला मिठी मारली आणि एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे दुआ म्हणायला सुरुवात केली. हमदमने दुआ ऐकून घेतली. दुसरं तो करणार तरी काय?

पट्टी मात्र त्याने बाहेर येण्याआधीच काढून सनोबरच्या हातात दिली होती. ती खिडकीपाशी मशीनवर बसून पायाने ते हाणत होती. रस्त्यावरून सगळे ओरडत होते.

"आई, बाहेर ये गं! लोक काय म्हणतील?"

"लोक बाहेर आहेत ना? मग मला आत निवांत काम करू दे."

तीन पाकळ्या अगदी झकास उतरल्या. चौथी मात्र डावीकडे निघाली. सनोबरने ओढून धरलं, तरी निघाली. तिने खाली वाकून पाहिलं. तापचान धाडकन बसला होता तो पट्टीवर. तिचा एक कोपरा वाकून वर आला होता आणि त्या फटीतून दोन दाते डोकं काढून कापड ओढत होते. तिने हाताने दाबून धरून कसंबसं पुरं केलं. डाळिंबाचं फूल लांबट, कलंडलेलं, वांग्यासारखं झालं. उसवायचं तर दिवस मावळला होता आणि वीज प्रमुखसाहेबांनी बंद केली होती. अंधारात रेशीम उसवलं तर कापडच फाटायचं.

मग मात्र ती रडली. बढाई मारली होती ते सोडा. पोरीच्या सोबत द्यायला आपल्या हातची एकच वस्तू होती, तीही वाकडी गेली, याचं तिला फार वाईट वाटलं.

सकाळी सहाला विहीणबाई सात बायकांसह हजर झाल्या. सोबत इनोयत बाबाही. रुखवत न्यायला पुरुष येत नाहीत, पण बाबांचं डोकं फिरलेलं होतं. पहाटे रेडिओने सांगितलं होतं, भूकंपबिकंप काही झालेला नाही. चहाखान्यात लोक हसले होते. "बाबा, पाच किटल्या पोटात गेल्यावर जमीन हलणारच," असं एकजण तोंडावर म्हणाला होता. काल ज्यांचे दिवे हलले होते, त्यांचे आज कुणाचेच हलले नव्हते. बाबा साक्षीदार शोधत फिरत होते.

मस्तुराने सुझानी उलगडली. सगळ्या बायका 'वा वा' म्हणेपर्यंत तिचं बोट चोविसाव्या फुलावर पोचलंही होतं.

"सनोबरबाई, तेवीस फुलं सुरेख. आणि हे हो काय?"

मागच्या पडवीतून कसलीशी ठोकाठोक तेवढी ऐकू येत होती. खरं सांगायचं, तर पट्टी वाकली हे सांगावं लागणार. ती कशाखाली वाकली, हे सांगावं लागणार. आणि मग इनोयत बाबांना बसगाडीसारखं जॅकवर चढवलं होतं, हेही सांगावं लागणार. सनोबरने ओयदिनकडे पाहिलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

"माझाच हात हलला, विहीणबाई," ती म्हणाली. दोन वर्षांचा ताठा तिने एका वाक्यात गिळला.

"हात हलला? ऐन रुखवताच्या फुलात?" मस्तुराने इतर बायकांकडे अशा काही आनंदाने पाहिलं, की वर्षभराची बेगमी झाली.

"थांब!" इनोयत बाबा पुढे आले. "पोरी, हे फूल तू कधी काढलंस?"

"काल संध्याकाळी. तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा."

"ऐकलंत?" बाबा कडाडले. "हात नाही हलला, जमीन हलली! रेडिओ काय इथे बसला होता? सुई खोटं बोलते का? तेवीस फुलं सरळ आणि नेमकं त्याच वेळचं वाकडं! मस्तुरा, ही चादर नवरीच्या खोलीत लागणार नाही. माझ्या बैठकीत लागेल, दारासमोर. हे फूल येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आलं पाहिजे. चहाखान्यातले सगळे आज दुपारी बघायला येतील, मी आणतो एकेकाला. आणि खबरदार, यातला एक टाका जरी कुणी उसवला तर!"

"नाही बाबा, उसवेल कोण?" मस्तुरा लगेच म्हणाली. "मला तर भूकंप कालच जाणवला होता."

"जमीन हलत असताना पोरीसाठी शिवत बसणारी आई आहे ही! नीट घडी घाला. फूल वर ठेवा."

फूल वर ठेवून सुझानी गाडीत गेली. बाबा स्वतः शेजारी बसले. गाडी सुरू होते न होते, तोच पडवीतून हमदम धावत आला. हातात हातोडी, कपाळावर घाम आणि तोंडावर तीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केल्याचा आनंद.

"सनोबर, बघ! पट्टी आरशासारखी सरळ केली. हाक मार त्यांना, दहा मिनिटांत ते फूल उसवून नीट काढून दे."

सनोबरने पट्टी त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत पाठीमागे लपवून धरली.

"गप्प बसा," ती म्हणाली. "ते फूल आता सरळ झालं, तर बाबांचा पुरावा गेला आणि आपल्या पोरीचं लग्नही."

हमदम विचारात पडला. त्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली.

"मग," तो हळूच म्हणाला, "पट्टी परत वाकवून देऊ का?"