जिन्याखालची आरामखुर्ची

"आजपासून या महाविद्यालयातला एकही विद्यार्थी एकटा राहणार नाही!" प्राचार्यांनी माईकसमोर मूठ आपटून जाहीर केलं आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. फीत कापली गेली, दारावर 'विद्यार्थी साहाय्य व समुपदेशन केंद्र' अशी पाटी लागली, आणि पुढचे दोन महिने त्या अख्ख्या इमारतीत एकटी राहिली ती फक्त समुपदेशक बाई.

खोली जिन्याखालची होती. पूर्वी तिथे व्यायामशाळेच्या गाद्या ठेवत. गाद्या गेल्या तरी त्यांचा वास मागे राहिला होता. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा आणि भेटींची वही, एवढं सामान. दोन महिन्यांत वहीत तीन नोंदी झाल्या. पहिल्याने स्वच्छतागृह कुठे ते विचारलं. दुसऱ्याने परीक्षेचा अर्ज मागितला. तिसरे केंद्राचेच शिपाई मामा. त्यांना चष्मा पुसायला कागदी रुमाल हवा होता.

एक दिवसाआड क्रीडाशिक्षक मोजपट्टी घेऊन डोकावत. "तुमचं चालू द्या बाई. मी नुसतं माप घेतोय. गाद्यांचे फार हाल चाललेत हो बाहेर."

शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत निदान पंचवीस मुलं आली पाहिजेत बाई. नाहीतर खोली गाद्यांना."

मुलाची दहावी आणि स्वतःचं एम. ए. बाईंनी एकाच वर्षी, एकाच टेबलावर बसून पार पाडलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी मिळालेली ही पहिली नोकरी. हक्काचं असं पहिलंच दार, आणि त्या दाराला गाद्या बाहेरून धडका देत होत्या.

घरी सासूबाई रोज संध्याकाळी चपला काढायच्या आत विचारत, "आज कोणी रडलं का गं?"

"नाही, आई."

"मग तुझंच काहीतरी चुकतंय. मला भाजी आणायला जाताना बायका रस्त्यात अडवून रडतात."

"आई, आमचं त्याचं शास्त्र असतं."

"असू दे की शास्त्र. बसायला काय दिलंयस?"

"प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत."

"झालं! तिथे बसलं की आधी पाठ दुखते. पाठ दुखत असताना मनाचं दुखणं कोण सांगेल?" एवढं बोलून सासूबाईंनी ओसरत्या उन्हात आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "अहो, उठा जरा. खुर्ची कॉलेजात न्यायचीय. आठ दिवसांसाठी."

सासरे उठले. त्यांना उठवलं की ते उठत. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी त्या खुर्चीत काढली होती. कापडाला मधोमध त्यांच्या पाठीचा खोलगा पडला होता. खुर्ची टेम्पोत चढेपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले, मग घरात जाऊन सोफ्यावर बसले आणि लगेच उठून पुन्हा फाटकाशी आले.

त्या खुर्चीत पहिली बसली ती वसतिगृहातली एक मुलगी. तिला मैत्रिणी 'घुबड' म्हणत, कारण तिला झोपच मिळत नसे. खोलीतली एक मैत्रीण घोरायची, दुसरी मोठ्याने पाठांतर करायची आणि तिसरी पांघरुणात तोंड घालून फोनवर भांडायची. घुबड आली होती खोली बदलून मागायला. ती खुर्चीत टेकली, "मॅडम, मला ना..." म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

बाईंच्या पुस्तकात लिहिलं होतं की समोरच्याच्या शांततेचा आदर करावा, ती मोडू नये. बाईंनी ती पन्नास मिनिटं मोडली नाही. मधून मधून ती शांतता थोडीशी घोरत होती, पण बाईंनी त्याचाही आदर केला. त्यांनी वहीत लिहिलं, 'विद्यार्थिनी अंतर्मुख.'

घुबड जागी झाली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "मॅडम, काय हलकं वाटतंय हो! बाकीच्या मुलींना सांगू?"

"अगं, सांग की!" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आठ जण आले, तिसऱ्या दिवशी एकोणीस. शिपाई मामांनी दाराबाहेर बाक टाकला आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या चिठ्ठ्या काढल्या. दुपारच्या दोनच्या चिठ्ठीसाठी तर भांडणं होऊ लागली.

एकोणिसाव्या घोरण्याला सगळा प्रकार बाईंच्या ध्यानात आला. लगेच जाऊन प्राचार्यांना खरं सांगावं, असं त्यांना वाटलं. पण सांगणार कसं? 'इथे घडलेलं इथेच राहील' हे भिंतीवर त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून लावलेलं. आणि आणखी एक गोष्ट होती. झोप झालेली मुलं उठल्यावर बोलू लागली होती. पुरती झोप झालेला माणूस सावध व्हायच्या आत खरं बोलून जातो. एकाने गेल्या वर्षी नापास झाल्याचं घरी कळवलंच नव्हतं. बाईंनी त्याला शेजारी बसवून वडिलांना फोन लावायला लावला. वडील दोन मिनिटं ओरडले आणि मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?" त्या दिवशी कागदी रुमालांचा डबा पहिल्यांदा कामी आला. त्यातले दोन रुमाल बाईंनाच लागले. मग त्या गप्प राहिल्या.

महिनाअखेर आकडा प्राचार्यांच्या टेबलावर गेला. नियमाप्रमाणे फक्त आकडा, बाकी सगळं गोपनीय.

"दोनशे अकरा?" प्राचार्य खुर्चीतून उठले. "मी पंचवीस म्हणालो होतो! आपल्या कॉलेजात एवढं दुःख आहे?"

तातडीची सभा बसली. त्या सभेत प्रत्येक प्राध्यापकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि मनातून स्वतःला दोषी धरलं. गणिताचे प्राध्यापक दुसऱ्या दिवसापासून तासाच्या सुरुवातीला एक विनोद सांगू लागले, त्यामुळे पहिल्या बाकावरची मुलं आणखी धास्तावली. चार वर्षं 'दुरुस्तीला दिलेला' वसतिगृहाचा गिझर दोन दिवसांत सुरू झाला. कॅन्टीनच्या चहात दूध दिसू लागलं. ग्रंथपालांनी दार लोटून घेण्याआधी "झालं का रे वाचून?" असं विचारायला सुरुवात केली, आणि ते ऐकून दोन मुलं ग्रंथालयाबाहेर पळाली.

एवढं करूनही पुढच्या महिन्याचा आकडा आला तीनशे चार.

"सुधारणा केल्या तरी वाढतंय!" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. बातमी संस्थेच्या कार्यालयात पोचली आणि तिथून तीन जणांची चौकशी समिती निघाली. गुरुवारी तीनला येणार असं पत्र आलं. क्रीडाशिक्षकांनी मोजपट्टी पुन्हा खिशात टाकली.

गुरुवारी दोन वाजता प्राचार्य स्वतःच केंद्रात आले. समितीच्या आधी आपण बघून घ्यावं, असा त्यांचा हिशेब. नुकतंच जेवण झालं होतं, पट्टा एक भोक सैल होता. "बाई, मी विद्यार्थी आहे असं समजा. मुलांना जे करता तेच मला करा."

"बसा ना सर," बाई म्हणाल्या. त्यांनी आरामखुर्ची पुढे केली. झालं, आता सगळं उघड होणार आणि गाद्या घरी परतणार.

प्राचार्य आरामखुर्चीत टेकले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो," ते म्हणाले. "काय असेल ते आम्ही मुकाट्याने सोसायचो. मी तर तीन वर्षं..." त्या तीन वर्षांचं काय झालं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

समिती पंधरा मिनिटं आधीच आली. बाईंना दारातून सगळं ऐकू येत होतं.

"आत कोण आहे?" समितीच्या अध्यक्षबाईंचा करडा आवाज आला.

"ते सांगता येत नाही. गोपनीय आहे," शिपाई मामा म्हणाले.

"बरं, प्राचार्य कुठे आहेत?"

मामांनी बंद दाराकडे पाहिलं. "तेसुद्धा गोपनीय आहे."

तेवढ्यात खुर्चीतून एक दीर्घ, खोल, कापरा आवाज निघाला आणि जिन्याच्या लाकडात घुमला.

"हुंदके आहेत का हो हे?" अध्यक्षबाईंचा करडेपणा एकदम उतरला.

"पहिल्या वेळी होतंच असं," मामा म्हणाले. "नंतर नंतर आवाज कमी होतो."

बाईंनी दार उघडलं तेव्हा प्राचार्य जागे होऊन उभे होते. एका गालावर कापडाची वीण उमटली होती आणि डोळे पाणावलेले होते, जांभईने. अध्यक्षबाईंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस मुलांच्या रांगेत येऊन बसतो! मोठं धाडस आहे तुमचं."

प्राचार्यांनी समितीकडे पाहिलं, मग दारामागे मोजपट्टी घेऊन उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकांकडे, मग बाईंकडे. त्यांना सगळं कळलं होतं हे बाईंना कळलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

प्राचार्यांनी घसा साफ केला. "हे केंद्र बंद होणार नाही! ही या महाविद्यालयाची कायमची जबाबदारी आहे. आणि इथे ताबडतोब..." त्यांची नजर मागे वळली, "...आणखी पाच आरामखुर्च्या लागतील."

समितीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. क्रीडाशिक्षकांची मोजपट्टी सर्रकन डबीत परत गेली. बाकावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात घुबडाने. बाईंनी पदर सोडला. आता एकदा रडून घ्यावं असं त्यांना वाटलं, पण रुमालांचा डबा रिकामा होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासरे आले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, डोळे तांबारलेले. आठ दिवसांचे दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी सोफा, पलंग, सतरंजी आणि शेजाऱ्यांचा झोपाळा असं सगळं करून पाहिलं होतं. "सूनबाई, कामात आहेस का गं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, चुकलंच माझं. खुर्ची ना? आज संध्याकाळी आणते मी."

"छे छे, राहू दे इथेच. पोरांच्या कामी येतेय म्हणे." सासऱ्यांनी खुर्चीतल्या खोलग्याकडे डोळे भरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "मला फक्त दुपारची दोनची एक चिठ्ठी मिळेल का?"