व्हर्जिनियाची सनद आणि कोहकाटोल्याचा डोंगर

लोकशाहीची मुळं इंग्लंडात आहेत, हे सर्वमान्य आहे. ज्यांना ते मान्य नाही, त्यांच्यासाठी प्रशिक्षण असतं.

असंच एक तीन दिवसांचं प्रशिक्षण गेल्या मार्च महिन्यात गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या बरंच पुढे, कोहकाटोला या गावी संपन्न झालं. विषय होता 'ग्रामसभा सक्षमीकरण : इंग्लिश परंपरा व अमेरिकेतील आरंभीचे वसाहतकालीन शासन'. प्रशिक्षक मी होतो. मी चंद्रपूरला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर माणसाला दोन-तीन व्यसनं जडतात. त्यांतलं भाषण देण्याचं मला जडलं.

हाच विषय का, असं कुणी विचारेल. (कोहकाटोल्यात पहिल्या दहा मिनिटांत चौघांनी विचारलं.) त्याचं कारण शास्त्रीय आहे. ज्या संस्थेनं हे काम घेतलं होतं, तिच्याकडे या विषयाची एक भाषांतरित पुस्तिका पडून होती. ग्रामसभाही पडून आहेत, असा संस्थेचा समज होता. दोन पडलेल्या गोष्टी एकत्र आणल्या की त्याला समन्वय म्हणतात, आणि तो करणाऱ्याला समन्वयक. आमचा समन्वयक पवन नावाचा एक नीटनेटका तरुण होता. गावात रेंज नव्हती, तरी फोन कानाला लावूनच तो फिरायचा.

कोहकाटोल्याच्या मागे एक डोंगर आहे. डोंगरात गिट्टीचा, म्हणजे खडीचा, दगड आहे आणि माथ्यावर गावाचा देव आहे. एका कंपनीला त्यातला फक्त दगड हवा होता. देवाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण त्यासाठी ग्रामसभेची संमती लागते, आणि ग्रामसभा दोनदा 'नाही' म्हणाली होती. (एकदा नाही म्हणणं हे मत असतं. दोनदा म्हणणं हे अज्ञान, आणि अज्ञानावर प्रशिक्षण हाच उपाय.) यातलं मला तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं. मला फक्त इंग्लंडचा जेम्स राजा ठाऊक होता.

प्रशिक्षण गोटुलात झालं. गोटूल म्हणजे गावाची बसायची, बोलायची, भांडायची जागा. मोहाच्या फुलांचा हंगाम होता, तरी पहिल्या दिवशी उपस्थिती एकशे बारा टक्के भरली. (शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, माणसंही आली होती. अमेरिकेला कुणी घेऊन जाणार आहे, अशी तिकडे बातमी होती.)

सगळ्यांत पुढे बसल्या सोनीबाई. ग्रामसभेच्या अध्यक्ष, वय पंचावन्नच्या आसपास.

"आमी पहाटीच मोह वेचून आलो जी," त्या म्हणाल्या. "आता सांगा, काय सांगता ते."

मी सांगितलं. इंग्लंडच्या राजाला सरदारांनी बाराशे पंधरा साली एका कागदावर कसं बांधून घेतलं, ते सांगितलं. मग सोळाशे सहावर आलो. जेम्स राजानं एका कंपनीला सनद दिली आणि समुद्रापलीकडची व्हर्जिनियाची जमीन तिच्या हवाली केली. तिथं वसणाऱ्या इंग्रजांना मायदेशातले सगळे हक्क मिळतील, असं त्या सनदेत लिहिलं होतं. ही मोठी उदात्त गोष्ट आहे, असं पुस्तिकेत पान सातवर आहे, म्हणून मी ते दोनदा वाचलं.

खांबाला टेकून बसलेले इस्तारी नावाचे एक म्हातारे होते. त्यांनी हात वर केला.

"राजानं ते जंगल पाह्यलं होतं का जी?"

"नाही."

"मंग देलं कसं?"

"सनद देऊन."

"तिथी कोनी राहत नोहतं का?"

"राहत होते. स्थानिक रहिवासी."

"त्यायची सभा घेतली होती का मंग?"

मी पुस्तिका चाळली. स्थानिक रहिवासी पान नऊवर एका चौकटीत होते. चौकट छोटी होती आणि सभेचा उल्लेख नव्हता. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असं मी जाहीर केलं. इस्तारीभाऊंनी मान डोलावली. अशी उत्तरं त्यांनी आधीही ऐकली असावीत.

दुसऱ्या दिवशी मी व्हर्जिनियाची पहिली विधानसभा घेतली. सोळाशे एकोणीस, ऐन जुलैअखेर, लाकडी चर्चमध्ये भरलेली, अकरा वस्त्यांचे दोन-दोन प्रतिनिधी. उकाडा इतका की अधिवेशन सहा दिवसांत गुंडाळलं आणि त्यातही एक सभासद दगावला. यावर आमच्या सभागृहात प्रथमच मनापासून हळहळ व्यक्त झाली.

"उन्हाळ्यात सभा दुपारी ठेवाच नाई," सोनीबाई म्हणाल्या. "एवढं त्यायले कोनी सांगतलं नाई का?"

त्यानंतर मी माझा आवडता भाग काढला. सोळाशे वीस. एक जहाज भरकटत भलत्याच किनाऱ्याला लागलं. राजाची परवानगी होती एका जागेची आणि पोचले दुसऱ्याच. आता कायदा कुणाचा? तेव्हा जहाजावरच एक्केचाळीस पुरुषांनी एक करारनामा केला. आपण सगळे मिळून एक समाज बनू, नियम करू आणि ते पाळू. खाली सह्या. हे मी एकतीस वर्षं दरवर्षी खुर्चीतून उठून, उभं राहून सांगत असे. त्या दिवशीही उठलो.

"जहाजावर मानसं किती होते?" सोनीबाईंनी विचारलं.

"शंभराच्या वर."

"बाया?"

"होत्या."

"बायायच्या सह्या?"

"नव्हत्या."

मग मागून एक बाई म्हणाली, "आमच्याइथी बाया तिसरा हिस्सा नसल्या तर सभाच भरत नाई. घरी जा लागते."

सोनीबाईंनी तिला हातानं गप्प केलं. "जाऊ दे वो. त्यायची पह्यलीच खेप होती. शिकले असन हळूहळू."

संध्याकाळी लोक उठले, तरी इस्तारीभाऊ उठेनात. "सर, त्या चौकटीतले लोक," ते म्हणाले. "त्यायचं पुढं काय झालं?"

मला ते माहीत होतं. मी इतिहासाचा शिक्षक होतो. पण पुस्तिका तिथं संपत होती, म्हणून मीही संपलो. त्या रात्री मी उठून पान नऊ तीनदा उघडून पाहिलं. लाखोळीच्या डाळीचा परिणाम असावा, असं मी धरलं.

तिसरा दिवस समारोपाचा. पवननं हजेरीपत्रक काढलं. लांबलचक तीन कागद, प्रत्येकाला क्रमांक आणि गोल शिक्का. खाली सह्यांसाठी आखलेल्या रांगा. वरचा अर्धा भाग मात्र कोरा.

सोनीबाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वर कोरं काऊन हाय?"

"विषय नंतर टाइप होणार आहे ना, बाई," पवन म्हणाला. "ऑफिसात."

"कोनता विषय?"

"हाच. प्रशिक्षणाचा. तुम्ही सह्या करा, जेवण तयार आहे."

मला एका कोपऱ्यात घेऊन तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही फार मनावर घेऊन शिकवलंत. एवढी गरज नव्हती. डोंगर देण्याचा ठराव तेवढा वर चढवायचा आहे, बाकी काही नाही."

तेव्हा मला डोंगर दिसला. तीन दिवस तो गोटुलाच्या दारातून समोरच दिसत होता.

सोनीबाई मला बोलावत होत्या. "सर, एक सांगा जी. त्या जहाजावरच्या लोकायनं कोऱ्या कागदावर सह्या केल्या होत्या का?"

पवननं माझ्याकडे पाहिलं. नव्वदेक माणसांनी पाहिलं. माझ्या पुढच्या चार प्रशिक्षणांच्या तारखा त्याच्या फोनमध्ये होत्या, हे मला आठवलं. खोटं सांगणं सोपं होतं. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, साक्षीदार एकही नाही. पण मी आयुष्यात कोऱ्या उत्तरपत्रिकेला कधी गुण दिले नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "मजकूर आधी. सह्या नंतर."

"मंग आमीबी तसंच करतो."

पुढचा दीड तास गोटुलात जे झालं, ते आदर्श गटकार्य होतं. आधी गोंडीत भांडण झालं, मग मराठीत, मग पुन्हा गोंडीत. एकानं म्हटलं, दगडासोबत कामही येईल. त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग त्याच्याच आईनं त्याला उत्तर दिलं. शेवटी सोनीबाईंनी तिन्ही कागदांवर एकच मजकूर लिहिला. नख ठेवायलाही जागा उरणार नाही, इतक्या मोठ्या अक्षरात. तो येणेप्रमाणे :

'डोंगर देने नाही. मागे दोन वेळा नाही म्हटले ते समजून म्हटले होते. ही तिसरी वेळ आहे. मोहाचा हंगाम असल्याने चवथ्यांदा विचारू नये.'

खाली चौऱ्याण्णव सह्या नि अंगठे. पैकी बाया एक्कावन्न. (जहाजापेक्षा एक्कावन्न जास्त.) इस्तारीभाऊंनी अंगठा लावला आणि तो बराच वेळ तसाच कागदावर दाबून धरला.

पवनला कागद फाडायचे होते. पण त्यांवर क्रमांक होते, आणि एक जरी कमी भरला तरी प्रशिक्षण झालंच नाही असं ठरणार होतं. नियम हे असे असतात. ते कुणाच्या बाजूचे आहेत, हे पुष्कळदा त्यांनाही माहीत नसतं. बिचाऱ्यानं कागद घडी करून पिशवीत ठेवले. जेवायला मात्र तो पंगतीत बसला, आणि सोनीबाईंनी त्याला आग्रहानं दोनदा भात वाढला.

महिन्याभरानं मला संस्थेचं पत्र आलं. 'प्रशिक्षणार्थींना विषय समजल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब गंभीर असून याबाबत आपला खुलासा सादर करावा.' मी खुलासा केला की चूक माझी नसून सोळाशे वीस सालची आहे. तो अमान्य झाला आणि प्रशिक्षकांच्या यादीतून माझं नाव गेलं. कंपनीची फाइल एका टेबलावर 'विचाराधीन' आहे. गेल्या आठवड्यात सोनीबाईंचा फोन आला. त्या रेंजसाठी डोंगरावर चढल्या होत्या, म्हणजे डोंगर अजून आहे.

संस्थेनं मात्र या अपयशातून धडा घेतला, हे प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. तिनं एक अभ्यास केला. निष्कर्ष असा की, जंगलातल्या माणसाला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे तो वाचल्याशिवाय सही करत नाही. शहरातल्या सुशिक्षिताला वाचता येतं, त्यामुळे त्याला वाचायची गरज पडत नाही. त्याच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला सरासरी उपस्थिती नऊ (चहावाला धरून दहा). गणसंख्या भरत नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासानं गणसंख्येची अटच उरत नाही. इंग्लंडलाही सुचली नव्हती, अशी ही सोय आहे.

सबब, पुढचा टप्पा शहरी भागात राबवण्यात येत आहे. इमारतींची यादी मी पाहिली. तुमची तिसऱ्या क्रमांकावर आहे. घाबरू नका. तुम्हाला कुठं यायचं नाही आणि प्रशिक्षणही घ्यायचं नाही. तुमची संमती गेल्या रविवारी तहकूब सभेत, तुम्ही जेवून जरा आडवे झाला होतात तेव्हाच, सर्वानुमते झालेली आहे.